शुगर लो नव्हतीच: सांगलीतल्या एका स्नूकर खेळाडूचं प्रकरण

प्रकरण आमच्या सांगलीतल्या एका २२ वर्षांच्या पोराचं आहे, नाव देत नाही पण त्याला आणि घरच्यांना विचारूनच लिहितोय. बीकॉम झालाय, मार्केट यार्डात घरचं हळदीचं अडत दुकान आहे, दुपारपर्यंत तिथं बसतो आणि संध्याकाळी विश्रामबागच्या बाजूला पार्लरवर स्नूकर खेळायला येतो. मी तिथं पोरांना शिकवतो. पोराचा हात चांगला आहे, स्टान्स पक्का, क्यू (मारायची काठी) सरळ जातो, प्रॅक्टिसला पन्नास-साठचे ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत तेवढे पॉइंट, सहज लावतो. अडचण एकच, मॅच लांबली की हा संपला. बेस्ट ऑफ सेव्हन, म्हणजे सातपैकी आधी चार फ्रेम (डाव) घेईल तो जिंकला, असं असेल तर पहिल्या दोन फ्रेम अशा खेळणार की समोरचा खुर्चीतनं उठतच नाही, आणि चौथ्या फ्रेमला तोच पोरगा स्पॉटवरचा (ठरलेल्या जागेवरचा) सरळ काळा बॉल सोडणार. दोन-शून्यवरनं मॅच घालवणं ही त्याची ओळखच झाली होती.

बघणाऱ्यांची मतं तयार होती. कोण म्हणायचं टेम्परामेंट नाही, कोण म्हणायचं जिंकायला लागला की घाबरतो, आणि सगळ्यात जास्त चाललेलं मत म्हणजे "त्याची शुगर लो होते". हे घरातनंच आलं होतं, कारण वडिलांना डायबेटिस आहे आणि त्या घरात कुणाचा हात थरथरला की आधी शुगरच आठवते. मग उपाय पण तसलेच, खिशात चॉकलेट, बॅगेत ग्लुकोज पावडर, मॅच चालू असताना आईचा मेसेज की कायतरी गोड खाल्लंस का. आणि एवढं करून चौथी फ्रेम जायची ती जायचीच.

मी बाजूला उभं राहून नीट बघितलं तेव्हा दिसलं ते असं, की डावा हात, म्हणजे कापडावर टेकवलेला ब्रिजचा हात, बऱ्यापैकी स्थिर असायचा. उजवं मनगट मात्र शॉट मारायच्या आधी क्यू मागंपुढं करताना बारीक हलायचं, आणि क्यूचं टोक पांढऱ्या बॉलच्या (क्यूनं मारतात तो) मागं थांबतं त्या जागी डुगडुगायचं. एरवी दोनदा-तीनदा क्यू हलवून मारणारा पोरगा मग सात-आठ वेळा हलवायला लागायचा, कारण त्याला स्वतःलाच जाणवायचं की टोक जागेवर नाही.

आता कुणाला वाटेल एवढ्याशा थरथरीनं काय होतंय. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलिमीटरचा. निळा त्याच्या स्पॉटवर आहे, तिथनं कोपऱ्याचं पॉकेट साधारण दोन मीटर. समजा सरळ शॉट आहे आणि पांढरा निळ्याला लागताना फक्त एक मिलिमीटर बाजूला लागला, तर निळ्याची दिशा एक डिग्रीपेक्षा थोडी जास्त फिरते आणि दोन मीटर जाऊन तो जवळजवळ चार सेंटिमीटर बाजूला पोचतो. पॉकेटचं तोंड साडेतीन इंचाच्या आसपास, त्यात बॉलची जाडी वजा केली की दोन्ही बाजूला पावणेदोन-दोन सेंटिमीटर जागा राहते. म्हणजे एक मिलिमीटर चुकला की बॉल जबड्यात वाजून बाहेर. कबड्डीत चहा जास्त झाला तर काही बिघडत नसेल, इथं बिघडतं.

चहाचं नाव मी आधीच काढून बसलो, पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. मिरजेत एक आहारतज्ज्ञ मॅडम आहेत, त्यांच्याकडं त्याला घेऊन गेलो. त्यांना स्नूकर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि बरंच झालं, कारण त्यांनी टेम्परामेंट वगैरे काही ऐकूनच घेतलं नाही. म्हणाल्या, "तोंडात जे जाईल ते वेळेसकट मोबाईलवर लिहायचं, चॉकलेट पण लिहायचं, आणि थरथर कधी सुरू होते ते पण." एवढंच. पहिल्या भेटीत डाएटचा कागद दिला नाही म्हणून पोराची आई जरा नाराजच झाली, फी दिली आणि काय सांगितलंच नाही म्हणून.

लिहिलेलं वाचलं तेव्हा गंमत कळली. सकाळी चहा-खारी, दुकानावर परत चहा, दुपारी मॅच किंवा चांगली प्रॅक्टिस असेल तर जेवण टाळणं, कारण त्याला कुणीतरी सांगितलेलं की पोट हलकं असलं की डोकं चालतं. मग संध्याकाळी पार्लर. इथं एक रिवाज आहे जो सगळ्यांना माहीत असेल, हरला त्यानं टेबलचं भाडं भरायचं, आणि आमच्याकडं त्यावर जिंकणाऱ्याला चहा. हा पोरगा जिंकायचा. म्हणजे जितका चांगला खेळणार तितका चहा, फ्रेम संपली की मार्कर (स्कोअर लिहिणारे) मामा कटिंग आणून टेबलच्या कडेला ठेवणार, आणि फुकटचा चहा सांगलीत कोण सोडतं. टूर्नामेंटच्या दिवशी मामाचा चहा नसायचा तर त्याची भरपाई म्हणून मॅचच्या अर्धा तास आधी एनर्जी ड्रिंकचा एक कॅन. सकाळच्या खारीनंतर पोटात घन असं काहीच नाही, पाणी पण नाही, कारण मधेच लघवीला लागली तर लय तुटते ही भीती.

तरी घरच्यांचं शुगरच चालू होतं. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, वडिलांचं मशीन आहे ना घरात, थरथर सुरू झाली की लगेच बोट टोचून बघा, वादच नको.

तो प्रसंग सांगायलाच पाहिजे. आम्ही पार्लरवरच सात फ्रेमची मॅच लावली, चौथ्या फ्रेमला मनगट हलायला लागलं, थांबवलं, मशीन काढलं आणि आकडा आला २३०. पोरगा पांढरा पडला, मामा म्हणाले "लो कुठं, ही तर हाय झाली की ओ." पोरानं वडिलांना फोन लावायला मोबाईल पण काढला होता. तेवढ्यात लक्षात आलं की याच्या खिशात बेदाणे आहेत आणि फ्रेमच्या मधे तेच चिवडत बसला होता, बोटं चिकट. साबणानं हात धुवायला लावले, पुसून कोरडे केले, दुसरं बोट टोचलं, आकडा ९४. बोटाला लागलेली साखर रक्ताच्या थेंबात मिसळली की मशीन तीच मोजतं, हे घरी शुगर बघणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, आमच्या सांगलीत तर जास्तच, इथं घरोघरी बेदाणे.

९४ म्हणजे एकदम नॉर्मल. थरथर चालू असताना नॉर्मल. नंतर अजून काही संध्याकाळी बघितलं, तेच. मॅडमनी समजावलं की मेंदू वजनाच्या मानानं फार खातो हे खरं आहे, शरीराच्या दोन टक्के वजनाचा मेंदू आणि ऊर्जा जवळपास वीस टक्के घेतो, पण त्यासाठी लिव्हरमधे साठा असतो आणि धडधाकट माणसाचं शरीर रात्रभर उपाशी राहून सुद्धा रक्तातली साखर सांभाळून नेतं. एक जेवण चुकलं म्हणून ती धाडकन खाली येत नाही. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याचं वेगळं, तिथं ७० च्या खाली गेली की धोका. वडिलांचा अनुभव खरा होता, तो पोराला लावणं चुकीचं होतं. घरात डायबेटिस आहे म्हणून तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी पण करून घेतली, ठीक आली. बी१२ थोडं कमी निघालं, घर शाकाहारी आहे, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

मग थरथर कशाची? कॅफीन. पोटात गेल्यावर अर्ध्या-एक तासात रक्तात चढतं आणि त्यातलं निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. एक कप चहात ३० ते ५० मिलिग्रॅम, पार्लरवरचा चहा तर उकळून उकळून काळा केलेला. एनर्जी ड्रिंकमधे आपल्याकडच्या नियमाप्रमाणे लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमधे ७५ पर्यंत. मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं सांगितलेलं आहे, आणि पोराचा बाहेरगावच्या टूर्नामेंटच्या दिवसाचा हिशोब त्याच्या आतच बसत होता. म्हणून तो माझ्याशी भांडला, "सर, लिमिटमधे आहे की." पण ती मर्यादा तब्येतीला धोका नको म्हणून आहे, क्यूचं टोक हलू नये म्हणून नाही. शिवाय याचं बरंचसं तीन तासांत, रिकाम्या पोटी, आणि त्यात मॅचचं टेन्शन, ज्याच्यानं छातीत धडधड आधीच वाढलेली. पहिल्या दोन फ्रेमला हेच कॅफीन त्याला तरतरी देत होतं, म्हणून तो भारी खेळायचा, आणि वर अजून दोन चहा पडले की हात हलायला लागायचे. स्वतःला वाटायचं थकलोय, म्हणून अजून एक चहा.

कॅफीनवर बंदी नाही बरं का, २००४ पासून ते डोपिंगच्या बंदीच्या यादीत नाही, फक्त लक्ष ठेवतात. बंदी आहे ती बीटा ब्लॉकरवर. हे मुद्दाम लिहितोय कारण पार्लरवरच्या एका शहाण्यानं याला सल्ला दिला होता की एक बीपीची गोळी घे, हात दगडासारखा होतो. होतो पण, म्हणूनच बिलियर्ड्स-स्नूकरच्या स्पर्धांत ती डोपिंगमधे धरतात. कॅनडाचा बिल वर्बेनियुक म्हणून स्नूकर खेळाडू होता, १९८० च्या दशकातला, त्याला हाताच्या थरथरीचा आजारच होता, त्यासाठी तो आधी पिंपानं बिअर प्यायचा आणि नंतर ही गोळी घ्यायचा, शेवटी गोळीवर बंदी आली आणि त्याचं करिअर त्यातच संपलं. धडधाकट पोरानं दुसऱ्याच्या बीपीची गोळी खाणं हा तर निव्वळ येडेपणा.

आता बदल काय केले. चहा एकदम बंद करायचा नाही, हे मॅडमनी पहिल्यांदाच सांगितलं, कारण रोजच्या माणसानं एकदम सोडला की दुसऱ्या दिवसापासून डोकं धरतं आणि ते आठवडाभर पण चालू शकतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कमी करत आणत दिवसाला दोन ठेवले, सकाळी एक आणि खेळायच्या दोन-अडीच तास आधी जेवणानंतर एक. कॅन बंद. मामांना सांगून ठेवलं की हा जिंकला तर लिंबू सरबत, मीठ घालून. मामा कुरकुरले, त्यांचं चहावाल्याशी खातं आहे.

खाण्यात खरं तर नवीन काहीच आणलं नाही. आईला भीती होती की आता ओट्स आणि कसल्या कसल्या बिया आणायला लागतील. मॅडमनी विचारलं घरात काय करता, तर भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, दही, थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी. म्हणाल्या हेच द्या, फक्त वेळेवर द्या. सकाळी खारीच्या जागी थालीपीठ-दही किंवा मुगाचं धिरडं, दुपारी बाराच्या आसपास नीट जेवण, आणि मॅचच्या आधी दोन ते तीन तास हलकं काहीतरी, दही-पोहे म्हणा, अर्धी भाकरी आणि उसळ म्हणा. बदाम भिजवून खा म्हणजे एकाग्रता वाढते असं मावशीनं सांगितलं होतं, त्यावर मॅडम म्हणाल्या खा की, पण जेवण सोडून बदाम खाऊ नको.

मॅचमधे काय खायचं यावर आमचे बरेच दिवस गेले. आधी भडंग ट्राय केलं, सांगलीचा माणूस म्हटल्यावर दुसरं काय सुचणार. पण भडंगाचं तेल बोटाला लागतं, अंगठ्याच्या बेचक्यातनं क्यू अडकत सरकतो, आणि रुमालानं कितीही पुसलं तरी हळदीचा पिवळा डाग क्यूवर राहतो. कापडावर पण एकदा उमटला, पार्लर मालकाची बोलणी मीच खाल्ली. बेदाणे चिकट. केळं चांगलं, सोलून खाल्लं की हाताला काही लागत नाही, पण पूर्ण केळं एका दमात खाल्लं की याला जड होतं, मग अर्धं दोन फ्रेमनंतर आणि अर्धं नंतर. सोबत फुटाणे आणि थोडे बेदाणे एका छोट्या डबीत, चमच्यानं खायचे. डबीत चमचा बघून बाहेरची पोरं हसली याला, हसू देत.

पाण्याचं तर सगळ्यात सोपं होतं आणि तेच त्यानं सगळ्यात उशिरा ऐकलं. अंगातलं पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी जरी कमी झालं तरी लक्ष टिकवणं अवघड जातं, ६० किलोच्या माणसाला म्हणजे सव्वा लिटर. उन्हाळ्यात सांगलीत दुपारभर यार्डात फिरून, घाम गाळून, पाणी न पिता एसी हॉलमधे येऊन बसायचं म्हणजे तिथं पोचायला फार वेळ लागत नाही. चहानं अंगातलं पाणी जातं असं म्हणतात ते रोज पिणाऱ्याच्या बाबतीत तितकंसं खरं नाही, पण चहा म्हणजे पाणी पण नाही. आता फ्रेम संपली की तीन-चार घोट, आणि लघवीला लागलीच तर फ्रेमच्या मधे रेफ्रीला सांगून जायचं, कोण नको म्हणत नाही.

मधे एक फाटा फुटला होता. पोरानं कुठंतरी बघितलं की ऑस्ट्रेलियाचा स्नूकर खेळाडू नील रॉबर्टसन पूर्ण शाकाहारी झाला, दूध-दही पण सोडलं, म्हणून याला पण दही सोडायचं. मी म्हटलं बाबा, त्याचं वर्ल्ड टायटल २०१० चं आहे, हे खाणं त्यानं नंतर सुरू केलं. त्याला मानवलं असेल, चांगलंच आहे, पण तुझ्या ताटात आधीच मांस-अंडं नाही आणि बी१२ कमी, त्यात दही काढलं तर तुझी आई मला पार्लरवर येऊन शिव्या घालेल. विषय तिथंच मिटला. त्याचे वडील यात पडत नाहीत, त्यांना एकूण खेळच टाइमपास वाटतो. मी त्यांना सांगितलं की कुठल्याही खेळात वैयक्तिक विश्वविजेता झालेला पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स, १९५८ साली, बिलियर्ड्समधे, आणि जन्म पुण्याचा. पंकज अडवाणीचा जन्म पण पुण्याचाच. तर म्हणाले, "पुण्याचे ना, सांगलीचा कोण आहे ते सांगा."

फरक पडला का, तर पडला, पण नेमका कशानं पडला हे छातीठोक सांगता येत नाही, कारण चहा, जेवण, पाणी, बी१२ सगळं एका महिन्याच्या आत बदललं. शिवाय त्याला माहीत होतं आपण काय बदललंय, त्या विश्वासानं पण हात स्थिर होतो थोडा. मी बघत होतो ते लांब निळ्यावर. खेळाच्या सुरुवातीला वीस निळे आणि अडीच-तीन तासांनी परत वीस, दोन्ही वेळचे किती गेले ते वहीत. आधी दुसऱ्या वीसात निम्म्याच्या आसपास घसरायचा, आता सुरुवातीपेक्षा एक-दोन कमी. सुरुवातीचे वीस मात्र आधीइतकेच आहेत, तिथं काही वाढ नाही. म्हणजे खेळ सुधारला नाही, आहे तो खेळ शेवटपर्यंत टिकायला लागला. मुद्दाम एका संध्याकाळी जुन्या पद्धतीनं रिकाम्या पोटी तीन चहा देऊन बघितलं, मनगट परत तसंच. त्यामुळं माझा कल चहाकडंच आहे.

पुण्यातल्या टूर्नामेंटला अजून एक गोष्ट समोर आली, जी पार्लरवर कळलीच नसती. सकाळची मॅच चार-एकने जिंकला, दुसरी तीन वाजता होती. मधल्या वेळात याचे दोस्त याला थाळीला घेऊन गेले, जिंकल्याच्या आनंदात, आमरस-पुरी अनलिमिटेड. तीन वाजता हा टेबलवर उभा होता खरा, पण डोळे मिटत होते. थरथर अजिबात नाही, उलट सगळं संथ, सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट मिळू नये असा शॉट) खेळताना लांबी कळत नव्हती, पांढरा बॉकलाईनच्या (टेबलच्या एका टोकाकडच्या आडव्या रेघेच्या) मागं न्यायचा तर अर्ध्यात थांबत होता. दुपारी एक ते तीन तशी पण शरीराची झापड यायची वेळ, जेवण केलं नाही तरी थोडी येतेच, आणि त्यावर भरपेट तेल-तुपाचं आणि गोड. ती मॅच गेली. पुढच्या दिवशी डबा घेऊन गेला, आईनं पहाटे उठून बांधलेल्या दशम्या आणि बटाट्याची भाजी, अर्धं सकाळच्या मॅचनंतर लगेच, अर्धं दुसऱ्या मॅचनंतर. त्या दिवशी दुसरी मॅच सात फ्रेमपर्यंत गेली आणि शेवटच्या फ्रेमला पिवळ्यापासनं काळ्यापर्यंत सहाही कलर यानं सलग घेतले, २७ पॉइंट. पुढच्या राउंडला हरला, पण तो समोरचाच फार भारी होता, त्यात जेवणाचा संबंध नाही.

अजून सुटलेलं नाही ते रात्रीच्या मॅचचं. वेळापत्रकात साडेसात लिहिलेलं असतं आणि आधीच्या मॅचेस लांबल्या की प्रत्यक्षात साडेनऊ-दहा. साडेसातच्या हिशोबानं पाचला खाल्लं तर दहापर्यंत पोट रिकामं, आणि नेमकं त्याच वेळी बाहेर टपरीवर सगळे चहाला उभे. संध्याकाळी सातनंतर चहा घेतला की रात्री दोनपर्यंत झोप नाही, म्हणजे दुसऱ्या दिवशीची सकाळची मॅच पण गेली. मॅडम म्हणतात घड्याळ बघून खाऊच नको, तुझ्या आधीच्या टेबलावर किती फ्रेम राहिल्यात ते बघ, दोन राहिल्या की अर्धी भाकरी खा. पोरगा म्हणतो समोरची मॅच बघत बसलो की टेन्शन येतं, म्हणून तो बाहेर फिरायला जातो. आता पुढच्या टूर्नामेंटला मार्कर मामा बरोबर येणार आहेत, फ्रेम मोजायचं काम त्यांच्याकडं दिलंय, फक्त मामांना पण सातनंतर चहा देऊ नका असं पोराच्या आईनं बजावून ठेवलंय आणि मामांनी त्याला अजून होकार दिलेला नाही.